तिम्मण्णाची गाठ

शिरसीच्या आसपासच्या दऱ्यांत हल्ली कुणी मुलगी बघायला जात नाही. मुलगीच घर बघायला येते, आणि देवघर कुठं आहे हे विचारायच्या आधी नेट कुठवर येतं ते विचारते. नरहरी हेगडेला हे पाठ झालं होतं. गेल्या सहा वर्षांत हलसिनकोप्पच्या त्याच्या घरी अकरा मुली कषाय, म्हणजे धणे-जिऱ्याचा दुधातला काढा, पिऊन गेल्या होत्या. कषाय चांगलं होतं असं अकराही जणी म्हणाल्या. अकरावीनं तर फोन डोक्यावर धरून अंगणाला तीन प्रदक्षिणा घातल्या. शेवटी सिग्नलची एक काडी मिळाली ती गोठ्यामागच्या शेणखताच्या ढिगावर. तिथं उभं राहूनच तिनं वडिलांना सांगितलं, "अप्पा, निघू या."

नरहरी अडतीस वर्षांचा. दरीच्या तळाशी पोफळीची बाग, बागेच्या कडेला कौलारू घर, घरात तो आणि आई. आईला तो आयी म्हणायचा आणि आयी त्याला अजून माणी म्हणायची, म्हणजे पोरगा. "माणी, बारावी आली की सांग, तोवर मी कषायाची पूड कुटून ठेवते," असं म्हणून ती आपल्या परीनं तयारीत होती.

बारावी फोनवरच बोलली. नाव स्फूर्ती, राहणारी शिरसीची, नोकरी बंगळूरच्या कंपनीत, ती घरी बसून करायची.

"बाग आवडली मला," ती म्हणाली. "फोटोत तुम्हीही ठीक दिसता. पण नोकरी सोडणार नाही, आधीच सांगते. सोमवारी दहाला माझी ऑफिसची मीटिंग असते, दोन तासांची. ती मी तुमच्या घरी बसून करीन. एकदाही तुटली नाही तर पुढचं बोलू."

"आणि तुटली तर?"

"तर कषाय पिईन. चांगलं असतं म्हणे तुमच्याकडचं."

मागून तिच्या मामांचा आवाज आला. हे शिवराम मामा. "जावई... म्हणजे नरहरी, आमचंही एक आहे. दरीत एकटं घर. पोरगी दिवसभर कानाला डबे लावून बसणार. मागून माणूस आला की माकड, तिला कळायचं कसं? चारी बाजूंना कॅमेरे पाहिजेत. आणि ते मला बघायला मिळाले पाहिजेत."

सोमवारला बारा दिवस होते. नरहरीनं विघ्नेश्वर भट्टांना बोलावलं.

विघ्नेश्वर भट्ट सकाळी दोन घरची पूजा करायचे आणि उरलेला दिवस वायरिंग. एका पिशवीत घंटा, पळी, पंचपात्र. दुसरीत पक्कड, टेस्टर, मीटर. घाईत पिशव्यांची अदलाबदल व्हायची, आणि मारुतीच्या देवळात त्यांनी एकदा टेस्टरनं तीर्थ वाटलं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडून ऐकलंय. त्यांचं म्हणणं असं की त्यांनी एकदा पलीकडच्या घळीतून तार नेताना धनेश पक्ष्याच्या पायाला दोरा बांधला होता. पक्षी बरोबर पलीकडच्या घरावर उतरला, पण मादीही तिथंच असल्यामुळे तो परत यायला तयार झाला नाही, आणि त्या घरचं नेट आजही विणीच्या हंगामात जरा जोरात चालतं. खरं खोटं भट्टांना ठाऊक.

भट्ट अंगणात उभे राहिले. वर रस्त्याकडे पाहिलं, खाली घराकडे पाहिलं.

"रस्त्यावरच्या सोसायटीपर्यंत फायबर आलंय," ते म्हणाले. "तिथून इथं पाऊण मैल. अर्धं रान, अर्धी तुमची बाग. खांब रोवायचे तर पावसाळा उजाडेल. जमिनीतून न्यायची तर रानडुक्कर खाईल. काचेची तार असते ती, हेगडे. केसाएवढी काच, तिच्यातून उजेड पळतो. ताणलेली चालते, लोंबलेली चालते. मुरगळलेली चालत नाही. मुरगळली की उजेड तिथंच मरतो."

"मग?"

"मग तिम्मण्णा कुठाय?"

तिम्मण्णा गौडा बागेत सुपारीचे घड उतरवायचा. वय साठीला टेकलं होतं, पण तो जमिनीवरच तेवढा म्हातारा दिसायचा. त्याची रीत अशी: पायात दोरीचं कडं अडकवून एका पोफळीवर चढायचं, शेंड्याशी फळकुटावर बसून घड कापायचे, मग झाडाला झोके देत देत शेजारच्या झाडाचा शेंडा धरायचा आणि तिकडं सरकायचं. खाली यायचंच नाही. एका मोसमात तो सकाळी दरीच्या वरच्या टोकाला चढला तो दुपारी खालच्या टोकाला उतरला. त्याची सावली बिचारी जमिनीवरून येत होती, ती संध्याकाळी पोचली.

रानातून तार खालच्या फांद्यांवर टाकत बागेपर्यंत आणली, आणि तिथं भट्टांनी फायबरचं टोक त्याच्या कमरेला बांधलं. तो चढला. रानाची कड संपून बाग जिथं लागते तिथून घराच्या अंगणापर्यंत तो झाडाझाडावरून झोके घेत आला, आणि मागं तार हलकेच शेंड्यांवर पडत गेली. वाटेत त्यानं तीनदा पान खाल्लं, वरच. खाली भट्ट आणि नरहरी माना वर करून चालत होते. भट्ट दोनदा पाटाच्या पाण्यात पडले, तरी तोंड चालूच. "तिम्मण्णा, ताण नको देऊ. तिम्मण्णा, मुरगळू नको."

"भट्टांनू," वरून आवाज आला, "मंत्र म्हणताना मी तुम्हाला शिकवतो काय?"

अंगणाच्या कोपऱ्यातल्या उंच पोफळीशी तार खाली सोडली. भट्टांनी जमिनीवर बसून, देवाची वात वळावी तशा नाजूक हातानं, तिला घरात जाणारी दुसरी तार जोडली, जोड हातभर डब्यात बंद केला, आणि तिम्मण्णानं तो डबा परत शेंड्याशी नेऊन टांगला. तिथं माकडं हात लावत नाहीत, कारण त्या झाडावर तांबड्या मुंग्यांचं घरटं होतं. तिम्मण्णाला मुंग्या चावत नसत. का, ते मुंग्यांना विचारायला हवं.

घरातलं काम निराळंच. भिंती चिऱ्याच्या, दोन हात जाड. माजघरातला राउटर स्वयंपाकघराला दिसत नव्हता. भट्टांनी तुळयांच्या कडेनं पाइप ठोकून खोलीखोलीला वायर नेली, देवघरालाही, कारण आयी म्हणाली, "एकाला द्यायचं आणि एकाला नाही, असं घरात बरं दिसत नाही." वीज पडली तर सगळं जळू नये म्हणून जमिनीत खड्डा करून, कोळसा-मीठ भरून अर्थिंग घातलं. वीज गेली तर चालत राहावं म्हणून बॅटरी बसवली. राउटर पूर्वेला तोंड करून ठेवला आणि त्याला जास्वंदीचं फूल वाहिलं.

कॅमेरे चार. भिंतीवर लावले तर कौलांची उतरती कड मध्ये येत होती. म्हणून एक बागेच्या तोंडाशी, जिथं आडवी लाकडं सरकवून गुरांना अडवायचं दणपे होतं, एक पाटाच्या वाटेवर, एक गोठ्याशी आणि एक अंगणाकडे, असे चारही पोफळींवर चढवले. अंगणाचा कॅमेरा त्याच जोडाच्या झाडावर, डब्याच्या बरोबर खाली, म्हणजे खालचं सगळं एका नजरेत येईल. त्यांच्या वायरी घरातल्या एका पेटीत आणि पेटीतून टीव्हीवर.

"हे बाहेरच्या नेटवर चालत नाहीत," भट्ट म्हणाले. "नेट मेलं तरी घरात चित्र दिसत राहील. मामांना शिरसीत बघायचं असेल तेव्हाच नेट लागेल."

"पावसाचं काय, भट्टांनू?" तिम्मण्णानं विचारलं. "हे वर उघडेच ठेवणार?"

"पाण्यात बुडवले तरी काही होत नाही त्यांना. खोक्यावर लिहिलंय."

तिम्मण्णानं खोकं हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं. "हे लिहिणाऱ्यानं आमचा पाऊस बघितलाय काय?" असं म्हणून ते त्यानं जपून ठेवलं, सुपारीचं चूर्ण ठेवायला.

शनिवारी नेट आलं. भट्टांनी वेग मोजला आणि आकडा दोनदा वाचला. नरहरीनं रात्रीपर्यंत चार वेळा अंगणातल्या कॅमेऱ्यासमोरून फेऱ्या मारल्या आणि टीव्हीवर आपलं टक्कल किती दिसतं ते आयीला बघायला सांगितलं. आयी म्हणाली, "दिसतं तेवढं दिसतं. खाली बस आता."

आणि रविवारी त्यानं ती चूक केली.

ज्येष्ठ तोंडावर आला होता. पावसाआधी पोफळीच्या प्रत्येक घडाला टोपी बांधतात, पोफळीच्याच झापाचं चामड्यासारखं आवरण उलटं पांघरून, वर गाठ मारून. नाहीतर पाणी साचून सुपारी कुजते. तिम्मण्णाच्या हातून अजून अर्ध्या बागेच्या टोप्या बाकी होत्या. पाहुणे येणार, मामा शेतकरी माणूस, उघडे घड बघून काय म्हणेल?

"तिम्मण्णा," नरहरी म्हणाला, "उद्या सकाळी उरलेलं सगळं उरक. वर टांगलेलं जे जे दिसेल त्याला टोपी घाल. एक उघडं ठेवू नको."

"बरं, धाकले हेगडे," तिम्मण्णा म्हणाला. तो सांगितलेलं शब्दानं शब्द करायचा. त्याच्याबद्दल तक्रार करायला आजवर जागाच मिळाली नव्हती.

सोमवारी साडेनऊला पाहुणे उतरले. स्फूर्ती, तिची आई आणि शिवराम मामा. स्फूर्ती उंच होती, चष्मा होता, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. नमस्कार झाला. आयीनं तोडदेव पुढं केले, उसाच्या रसात कागदासारखे पातळ लाटलेले गोड पापड. तिनं एक घेतला आणि विचारलं, "बसू कुठं?"

माजघरात टेबल मांडलं होतं. दहाला तिनं कानाला डबे लावले आणि समोर चौदा माणसांची तोंडं उगवली. नरहरी खांबाला टेकून उभा राहिला. त्याला इंग्रजी समजत होतं, पण त्या मीटिंगमधलं एक वाक्य समजलं नाही. राउटरवरचा हिरवा दिवा तेवढा समजत होता. तो त्याकडं बघत राहिला. भट्ट त्याच्या शेजारी, एका पायावर भार देऊन, मुहूर्ताची वाट बघावी तसे.

तिकडं पडवीत टीव्हीसमोर मामा मांडी घालून बसले होते. टीव्हीचे चार तुकडे, चार तुकड्यांत चार चित्रं. "छान आहे," मामा म्हणाले. "ही तुमची गाय. लंगडते."

"ती मुद्दाम लंगडते," आयी म्हणाली. "पाहुणे आले की."

साडेदहा झाले. अकरा झाले. हिरवा दिवा स्थिर. नरहरीनं पहिल्यांदा श्वास पूर्ण घेतला.

अकराला दहा मिनिटं असतानाच दणप्याचं चित्र काळं झालं होतं, ते मामांना आत्ता दिसलं.

"वहिनी, हे काय?"

"ढग आला असेल," आयी म्हणाली.

मग पाटाची वाट काळी झाली. मामा गुडघ्यांवर आले. मग गोठा. गाय होती आणि नव्हती. मामांचा आवाज खाली गेला. "वहिनी, कोणीतरी दणप्यावरून वाटेवर आलं, वाटेवरून गोठ्याशी आलं. एक एक डोळा फोडत इकडेच येतोय." स्फूर्तीच्या आईनं पितळी तांब्या हातात घेतला. आयीनं तो तिच्या हातातून काढून घेतला, कारण त्यात कषाय होतं.

अंगण काळं झालं. आणि माजघरात हिरवा दिवा तांबडा झाला.

चौदा तोंडं आहेत तशी थिजली. एकाचं तोंड उघडंच राहिलं. स्फूर्तीनं कानांवरचे डबे काढले आणि नरहरीकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. अकरावीही ढिगावरून अशीच बघत होती.

"वरच मेलाय उजेड," भट्ट मीटर लावून म्हणाले. "जोडाच्या डब्याशी. काहीतरी मुरगळलंय."

सगळे अंगणात आले. चाळीस फुटांवर, पोफळीच्या शेंड्याशी, डबा दिसत नव्हता आणि कॅमेराही. तिथं दोन सुबक टोप्या बसल्या होत्या. डब्याला एक, कॅमेऱ्याला एक. दोन्हींना तिम्मण्णाची दरीभर प्रसिद्ध गाठ, एका हिसड्यात आवळणारी, वादळातही न सुटणारी. डब्यातून बाहेर येणारी तार त्या गाठीत दुमडलेल्या गुडघ्यासारखी मुरगळून अडकली होती.

"कुजू नये म्हणून," नरहरी हळूच म्हणाला. "मीच सांगितलं."

तिम्मण्णा तोवर पाटापलीकडं गेला होता. शेंडे हलत होते ते दिसत होते. पण वर असलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हे त्या दऱ्यांमध्ये लहान पोरालाही कळतं. हाकेसरशी मान वळते, मान वळली की झोका चुकतो. नरहरीचे आजोबा घराला आग लागली तेव्हाही कोनेगौडाला, म्हणजे घड उतरवणाऱ्या गड्याला, हाक न मारता झाडाखाली उभे राहिले होते. तो खाली आला, त्याला सांगितलं, मग दोघांनी आग विझवली.

"किती वेळ लागेल त्याला?" स्फूर्तीनं विचारलं.

"दीड तास. दोन."

"मीटिंगमध्ये माझा भाग साडेअकराला आहे."

घरातली शिडी बारा फुटांची. भट्टांनी ती बघितलीसुद्धा नाही. "मला उंचीची भीती आहे," ते म्हणाले. "देव्हाऱ्याची वरची फळीसुद्धा मी बायकोकडून पुसून घेतो."

नरहरीनं झाडाकडे पाहिलं. बारा वर्षांचा असताना तो तिम्मण्णाकडून चढायला शिकला होता. वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी दारातच उभं केलं होतं. हेगडेंच्या पोरानं झाडावर चढायचं, आणि मग गौडांनी काय जमिनीवर बसून हिशेब लिहायचा? तेव्हापासून सव्वीस वर्षं त्यानं पोफळीला हात लावला होता तो फक्त टेकायला. आणि आज अंगात इस्त्रीचा सदरा, नेसूचा पांढरा पंचा, समोर मामा.

त्यानं पंच्याचा काचा मारला. गोठ्यातून दोरीचं कडं आणलं आणि पायात अडकवलं.

"माणी," आयी म्हणाली.

"खाली बघत राहा, आयी. वर बघू नको."

पहिले दहा फूट त्याच्या पायांना आठवलं. पुढचे दहा फूट फक्त लाजेनं चढवले. मग लाजही खालीच राहिली, तो आणि झाड एवढंच उरलं. शेंड्याशी तांबड्या मुंग्या वाट बघत होत्या. तिम्मण्णाला सव्वीस वर्षं न चावलेलं सगळं त्यांनी त्याच्यात वसूल केलं. एका हातानं खोड धरून दुसऱ्यानं गाठ सुटेना, म्हणून त्यानं तोंड वापरलं. आधी खालच्या कॅमेऱ्याची टोपी, ती आडवी येत होती. ती दातांनी ओढून काढली.

इथं जे झालं ते नरहरीला नंतर आयीनं सांगितलं, आणि सांगताना ती मीठ जरा सढळ हातानं घालते. पडवीतल्या टीव्हीवर काळा तुकडा उजळला, आणि त्यात नरहरीचं तोंड उगवलं. पूर्ण तोंड. इतकं जवळ की नाकपुडीत मुंगी शिरताना दिसली. मामा तिथंच परत जाऊन बसले होते, स्फूर्तीची आईही. तोंड वासलेलं, दात बाहेर, जीभ एका कडेला, डोळ्यांत पाणी, आणि तो वरच्या गाठीशी झटत होता. त्याला ठाऊक नव्हतं की घरात त्याची दाढ न् दाढ मोजली जातेय.

मामा पुढं सरकले. "तंबाखू नाही," ते म्हणाले.

"म्हणाला होता फोनवर की नाही खात," स्फूर्तीची आई म्हणाली.

"सगळेच म्हणतात. हा नाही खात." मामांनी अजून जवळून पाहिलं. "वरची उजवीकडची दाढ किडलीय. ती भरून घ्यावी लागेल."

गाठ सुटली. भट्टांनी खालून हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. माजघरात तांबडा दिवा हिरवा झाला, आणि ज्याचं तोंड उघडं राहिलं होतं त्याला शेवटी ते मिटता आलं.

नऊ मिनिटं गेली होती.

नरहरी खाली आला तेव्हा पंचा चिखलाच्या रंगाचा, सदऱ्याला बाही दीड. अंगणात कुणी नव्हतं. आतून स्फूर्तीचा आवाज येत होता, न अडखळणारा, चौदा जणांना काहीतरी ठामपणे सांगणारा. तो पाटाच्या काठी जाऊन हातपाय धूत बसला. त्याच्या मनात अकरापुढचा आकडा पक्का झाला होता. तुटली ती तुटलीच. नऊ मिनिटं काय आणि नऊ सेकंद काय.

बारा वाजून गेल्यावर ती तिकडं आली. हातात तांब्या आणि दोन पेले. दगडावर बसली.

"कषाय," ती म्हणाली. "चांगलं आहे खरंच."

त्यानं मान हलवली. मुंग्यांनी ओठ सुजला होता.

"शिरसीत गेल्या पावसात माझं नेट गेलं," ती म्हणाली. "फोन लावला. एक दाबा म्हणाले, मग तीन दाबा, मग परत एक. माणूस आला पाचव्या दिवशी, आणि शिडी विसरून आला."

"इथंही तुटेल," नरहरी म्हणाला. खोटं बोलण्याची ताकदच राहिली नव्हती. "वारा असतो. फांद्या पडतात. माकडं आहेत. तिम्मण्णा आहे."

"कळलं ते. मी अटच चुकीची घातली." तिनं दुसरा पेला त्याच्याकडं सरकवला. "तुम्ही बाजाराला गेला असाल आणि तुटलं तर?"

"तिम्मण्णा."

"आणि तो वर असेल? हाक तर मारायची नाही."

नरहरीनं झाडाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"मग मला शिकवा," ती म्हणाली. "पण मुंग्यांचं आधी काहीतरी करा."

तेवढ्यात पाटापलीकडून तिम्मण्णा उतरून आला. पाहुण्यांना हात जोडले, धाकल्या हेगडेंचा ओठ बघितला, सदरा बघितला, वर शेंड्याकडं बघितलं. टोप्या गेलेल्या दिसल्या.

"कुणी काढल्या?"

"मी," नरहरी म्हणाला.

"चढून?"

"चढून."

तिम्मण्णानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "गुडघे बाहेर पडले असतील. बारा वर्षांचा होतास तेव्हाही पडायचे."

लग्न दिवाळीनंतर झालं. टोप्यांचं म्हणाल तर त्या वर्षी पाऊस असा झाला की आसपासच्या सात घरांचे कॅमेरे बुडून मेले, खोक्यावर लिहिलेलं असूनसुद्धा. हलसिनकोप्पचे चारही जगले. कारण तिम्मण्णानं पुन्हा टोप्या घातल्या, या खेपेला पुढून तोंड उघडं ठेवून, गाठ तारेपासून वीतभर लांब मारून. भट्ट आता दर घरी तशाच बसवतात आणि ती युक्ती आपली म्हणून सांगतात.

कुणाला पटत नसेल त्यानं जाऊन यावं. दणप्याशी पोचायच्या आधीच तुम्ही शिरसीत शिवराम मामांना दिसाल. थेट माजघरात जाऊ नका, तिथं मीटिंग चालू असते. आणि कोपऱ्यातल्या पोफळीच्या शेंड्याशी चष्मेवाली बाई दिसली, तर हाक मारू नका. खाली येऊ द्या तिला.